एक कीबोर्ड, तीन संगणक



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरचे एक विद्वत्ताप्रचुर व्याख्यान ऐकलेत, आणि उद्या आपणांस पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नावर ऐकावयाचे आहे. या दोहोंच्या मध्ये आमची वर्णी लागली आहे. मंडळाच्या चिटणिसांनी महिन्यापूर्वी विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले, "अनेक संगणकांना मिळून एकच कीबोर्ड आणि एकच माउस कसा वापरावा, यावर बोलू." चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा विषय तासभर पुरेल का?" पुरेल की नाही ते आता आपणच ठरवावे. आम्हापुरते सांगायचे तर हा विषय गेली सात वर्षे रोज सकाळी दहा वाजता आमच्यासमोर येऊन बसतो. त्याने आमचे एकदा मोठे नुकसान केले आणि एका माणसाला त्याची खुर्ची परत मिळवून दिली. या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम शब्दांविषयी. कीबोर्डाला 'कळफलक' असा सुरेख शब्द मराठीत आहे आणि तो छापून येतो. पण टेबलाशी बसलेला माणूस कीबोर्डच म्हणतो. माउसला मराठी नाव द्यायला गेले तर ऐकणारा पिंजरा शोधू लागतो. तेव्हा रूढ शब्दच वापरू.

आमचा धंदा अक्षरजुळणीचा. वडिलांच्या काळी शिशाचे खिळे होते, आमच्या काळी संगणक आले. आज आमच्या टेबलावर तीन संगणक आहेत. डावीकडचा म्हातारा आहे. त्याच्यात विंडोज एक्सपी आहे. तिच्या निर्मात्यांनी तिची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच थांबवली, तरी आम्ही हा संगणक जपून ठेवला आहे; कारण जुन्या पुस्तकांच्या शेकडो फायली ज्या मराठी अक्षरवळणांत जुळवलेल्या आहेत, ती वळणे आणि त्यांच्या मागे लावावयाचा तो डोंगल नावाचा बोटाएवढा तुकडा या यंत्राखेरीज कोठे चालत नाही. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरांना आपापले गुप्त क्रमांक दिले होते. त्यामुळे एका वळणातला मजकूर दुसऱ्या वळणात उघडला की 'श्री गणेशाय नमः'चे भलतेच काही होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या छापखान्यात जा, कोपऱ्यात असा एक म्हातारा बसलेला दिसेल. मधला संगणक नवा, रोजच्या कामाचा. उजवीकडचा मॅक, त्याच्यावर पानांची मांडणी आणि मुखपृष्ठे होतात.

तीन संगणक म्हणजे तीन पडदे, तीन कीबोर्ड आणि तीन माउस. टेबल पाच फुटांचे. चहाचा कप कोठे ठेवावा हा प्रश्न बाजूला ठेवू. खरा घोटाळा असा की डोळ्यांसमोर मॅक असताना हात एक्सपीचा माउस हलवतो, बाण हलत नाही म्हणून माणूस चिडून तोच माउस आपटतो, आणि तिकडे डाव्या पडद्यावर एखादी फाईल मुकाट्याने भलत्या खणात जाऊन पडते. खुर्ची दिवसातून दोनशे वेळा डावीकडून उजवीकडे फिरते. मानेला पट्टा बांधण्याची वेळ आमच्याकडे दोघांवर आली.

मौज अशी की माउसच्या इतिहासात याच्या अगदी उलटा प्रसंग फार लवकर घडून गेला आहे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकाने माउसची कल्पना काढली आणि त्याचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तो लाकडात घडवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगलबार्टने सुमारे दीड तास तो जगापुढे मांडला. त्या दिवशी तीसएक मैलांवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसलेला त्याचा सहकारी तोच मजकूर पाहत होता आणि एकाच पडद्यावर दोघांचे दोन बाण फिरत होते. माणसे दोन, माउस दोन, पडद्यावरचा मजकूर एक. आमच्याकडे माणूस एक आणि पडदे तीन. त्या वेळी एका संगणकाभोवती खोलीभर माणसे बसत; एका माणसाभोवती तीन संगणक बसतील ही कल्पना तेव्हा थट्टेची ठरली असती.

तर उपाय काय? सगळ्यांत जुना उपाय म्हणजे एक पेटी. तिला के.व्ही.एम. स्विच म्हणतात, कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची ही आद्याक्षरे. पेटीच्या एका बाजूला एक कीबोर्ड, एक माउस आणि एक पडदा लावायचा. दुसऱ्या बाजूने दोन, चार, सोळा संगणकांच्या तारा आणायच्या. बटण दाबले की पहिला संगणक, पुन्हा दाबले की दुसरा. काही पेट्यांत 'स्क्रोल लॉक' ही एरवी कोणी न वापरणारी कळ दोनदा दाबली की काम होते. ज्या खोल्यांत कपाटांतून संगणकच संगणक रचलेले असतात, तेथे या पेटीवाचून चालणे कठीण. तेथे प्रत्येकाला स्वतंत्र पडदा लावायचा तर माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही.

पेटी दिसते साधी, एखाद्या नळाच्या तोटीसारखी. पण तिला एक सोंग वठवावे लागते. जुने संगणक सुरू होताना आधी चाचपून पाहत की आपल्याला कीबोर्ड जोडलेला आहे की नाही. नसला तर ते अडून बसत आणि पडद्यावर लिहीत : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी अमुक कळ दाबा. (ज्याने हे वाक्य लिहिले त्याला कीबोर्ड नसताना कळ कशी दाबावी हे विचारायचे राहून गेले आहे.) आता पेटीला चार संगणक जोडले असतील तर एका वेळी खरा कीबोर्ड एकालाच मिळणार. उरलेल्या तिघांची समजूत कोण घालणार? म्हणून पेटीत एक छोटे मंडल असते, आणि ते त्या तिघांना अखंड सांगत राहते, 'मी कीबोर्ड आहे, मी येथेच आहे.' हे सोंग स्वस्त पेट्यांना नीट वठत नाही. मग बटण दाबल्यावर यू.एस.बी.चा कीबोर्ड संगणकाला नव्याने जोडल्यासारखा वाटतो, तो त्याची ओळख करून घेतो, आणि दोन-तीन सेकंद आपण लिहिलेले कोठेच उमटत नाही.

याच पेटीची एक सोवळी जात आहे. जेथे गुप्त कामकाज चालते अशा कचेऱ्यांत एका टेबलावर दोन संगणक असतात : एक बाहेरच्या जगाशी जोडलेला, दुसरा फक्त आतल्या जाळ्याशी. दोहोंना एकच कीबोर्ड हवा, पण एकाचे दुसऱ्याला काहीही कळता कामा नये. आपण म्हणाल, कीबोर्डातून काय कळणार? कीबोर्डावर 'कॅप्स लॉक'चा एक चिमुकला दिवा असतो. तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. संगणक त्याला आज्ञा करतो तेव्हा तो लागतो. म्हणजे संगणकाकडून कीबोर्डाकडेही निरोप जातो. आतल्या संगणकात एखादा हेर-प्रोग्राम शिरला, त्याने दिवा लावून ठेवला, पेटी फिरल्यावर बाहेरच्या संगणकातल्या त्याच्या जोडीदाराने दिव्याची ती स्थिती वाचली, की एक खूण भिंतीपलीकडे गेली. अशा हजार खुणांतून एक गुपित बाहेर पडते. म्हणून या सोवळ्या पेट्या निरोप एकाच दिशेने जाऊ देतात, कीबोर्डाकडून संगणकाकडे. उलटे काही नाही. त्यांच्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. नवखा कारकून 'पेटी बिघडली' म्हणून तक्रार नेतो.

आमच्या कामाला मात्र ही पेटी बसेना. पेटी पडदाही वाटून देते, आणि आम्हांला तिन्ही पडदे एकाच वेळी डोळ्यांपुढे हवे होते : डावीकडे जुने पुस्तक, मध्ये नवा मजकूर, उजवीकडे पान. म्हणून आम्ही दुसऱ्या उपायाकडे वळलो. त्यात पेटी नाही. संगणक एकमेकांशी तारेने किंवा बिनतारी जोडलेले असतात आणि कळांचे निरोप त्या जाळ्यातून जातात.

हा विचार आला युनिक्सच्या जगातून. १९८४ साली अमेरिकेतील एम.आय.टी. येथे एक्स विंडो नावाची पद्धत निघाली. तिच्यात प्रोग्राम एका संगणकावर आणि पडदा दुसऱ्यावर असे चालत असे. म्हणजे कळ येथे दाबायची आणि तिचा परिणाम तेथे व्हायचा, ही गोष्ट तिच्या हाडामांसातच होती. पुढे नव्वदीच्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये 'एक्स-टू-एक्स' हा लहानसा प्रोग्राम लिहिला गेला. त्याने एका यंत्राचा माउस शेजारच्या यंत्रावर नेऊन दाखवला. पण त्याला दोन्ही बाजूंना एक्सच लागे. विंडोज, मॅक आणि युनिक्स या तिघांनाही एका पंक्तीला बसवण्याचे काम ख्रिस शोनमन यांनी २००१ साली लिहावयास घेतलेल्या 'सिनर्जी'ने केले. पुढे तिच्यातून 'बॅरियर' आणि तिच्यातून 'इनपुट लीप' अशा शाखा फुटल्या. भाऊबंदकी प्रोग्रामांतही असते.

हे चालते कसे, ते जरा सावकाश सांगतो, कारण मजा तेथेच आहे.

ज्या संगणकाला कीबोर्ड आणि माउस प्रत्यक्ष जोडलेले आहेत तो यजमान. बाकीचे पाहुणे. यजमानाला आपण एक नकाशा लिहून देतो : मधल्याच्या डावीकडे म्हातारा, उजवीकडे मॅक. माउस मधल्या पडद्याच्या उजव्या कडेला टेकला, की यजमान ओळखतो की स्वारी शेजारी निघाली. तो आपला बाण लपवतो आणि मॅकला कळवतो, 'आता तुझी पाळी, बाण डाव्या कडेपासून इतक्या उंचीवर दाखव.' पाहणाऱ्याला वाटते, बाण काचेतून पलीकडे गेला. गेला काही नाही. एक लपला आणि दुसरा उठून उभा राहिला.

येथे नकाशाची एक गंमत आहे. 'मधल्याच्या उजवीकडे मॅक' असे लिहिले म्हणजे 'मॅकच्या डावीकडे मधला' हे ओघाने आलेच, असे आपल्याला वाटते. सिनर्जीच्या जुन्या हाताने लिहावयाच्या नकाशात ते ओघाने येत नसे. दोन्ही वाक्ये स्वतंत्र लिहावी लागत. आम्ही पहिल्या दिवशी एकच लिहिले. बाण मॅकवर गेला आणि परत येईना. पाहुणा पाहुणचाराला गेला आणि तेथेच राहिला, असा प्रकार. परतीची वाट लिहिली तेव्हा घरी आला.

दुसरी अडचण बारीक आहे. बाण शेजारी गेल्यावर यजमानाने हाताची हालचाल मोजायची कशी? खरा बाण तर पडद्याच्या कडेला अडकून बसणार. तो आणखी उजवीकडे सरकणार नाही, म्हणजे हात आणखी उजवीकडे गेला हे कळणार नाही. यावर तोड अशी की यजमान आपला लपवलेला बाण पडद्याच्या मध्यभागी नेऊन ठेवतो. हात हलला, बाण मध्यापासून थोडा ढळला, तेवढे अंतर मोजून पाहुण्याला कळवले, आणि बाण पुन्हा ओढून मध्यावर. हे एका सेकंदात अनेक वेळा चालते. झोपाळ्याला झोका देणारा माणूस दोरी पुन्हा हाताशी ओढून घेतो, तसे.

तिसरी अडचण कळांची. कळ दाबल्याचा एक निरोप आणि सोडल्याचा दुसरा असे दोन निरोप जातात. समजा आपण शिफ्ट दाबून 'ए' दाबला. निरोप गेला : मोठा ए दाबला. आता घाईत शिफ्ट आधी सुटली आणि ए नंतर. दुसरा निरोप काय जाईल? छोटा ए सुटला. पाहुणा म्हणेल, 'छोटा ए कोणी दाबलाच नव्हता. आणि तो मोठा ए अजून दाबलेलाच आहे.' मग पडद्यावर ए-ए-ए-ए अशी माळ लागेल. म्हणून प्रत्येक निरोपाबरोबर अक्षराखेरीज त्या प्रत्यक्ष कळीचा क्रमांकही पाठवतात; सोडताना अक्षर पाहायचे नाही, क्रमांक पाहायचा. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर कोणीतरी एक रात्र घालवली असणार, म्हणून आपली बोटे आज निर्धास्त आहेत.

आता मराठीचे काय? येथे आमची खरी परीक्षा झाली. मराठी लिहिण्याची इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे. तिच्यात इंग्रजी 'के'च्या जागी क, 'सी'च्या जागी म आणि 'एन'च्या जागी ल. 'कमल' लिहावयाचे तर बोटे के, सी, एन या तीन कळांवर पडतात. आता यजमानाने पाहुण्याला काय कळवायचे? 'क हे अक्षर लिही' असे, की 'अमुक जागेवरची कळ दाबली' असे? जागा कळवली आणि पाहुण्याकडे त्या घटकेला इंग्रजी मांडणी चालू असली, तर कमलच्या ठिकाणी के-सी-एन ही तीन रोमन अक्षरे उमटतात. अक्षर कळवले, तर पाहुणा आपल्या मांडणीत ते अक्षर देणारी कळ शोधतो. इंग्रजी मांडणीत 'क' देणारी कळच नसल्याने तो स्वस्थ बसतो. त्यातून 'क्ष' आला की आणखी पंचाईत. इनस्क्रिप्टमध्ये क्ष शिफ्टसह सातच्या एका कळीवर आहे, पण युनिकोडच्या हिशेबी तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा समुच्चय. एका कळीला एकच अक्षर असे गृहीत धरणाऱ्याची गाडी तेथे रुळांवरून घसरते. हे प्रोग्राम लिहिणारांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी, फार तर फ्रेंच-जर्मन होते. त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, पण 'शिक्षण'मधला 'क्ष' गाळून 'शिण' उमटलेले पाहिले की शीण आपल्यालाच येतो.

आमच्या हाती शेवटी उपाय आला तो साधा : दोन्ही यंत्रांवर एकच इनस्क्रिप्ट बसवायची, यजमानाची मांडणी इंग्रजीतच ठेवायची, आणि ज्या पाहुण्यावर मराठी लिहावयाचे त्याचीच मांडणी तेथे जाऊन बदलायची. हा आमच्या टेबलाचा अनुभव आहे. प्रोग्राम बदलला की पथ्यही बदलते, म्हणून घरी करून पाहणाराने आधी 'शिक्षण' आणि 'यज्ञ' हे दोन शब्द लिहून पाहावेत.

आता नुकसानीची गोष्ट.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाईंचे पुस्तक जुळणीला आले. बाई गावच्या शाळेत चाळीस वर्षे शिक्षिका होत्या. आम्हांलाही चौथीत त्यांनीच शिकवले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी गावच्या शंभर घरांची हकीकत लिहिली : कोणाचे घर कोठून आले, कोणत्या दुष्काळात कोण उठून गेले. चार वह्या होत्या. तिसरी मुद्रिते तपासून झाली होती, दुरुस्त्या घातल्या होत्या. अखेरची प्रत म्हाताऱ्या यंत्रावर होती, कारण पुस्तकात जुने उतारे होते आणि ते त्याच वळणात होते. मधल्या यंत्रावर आम्ही चाचणीसाठी त्याच नावाचा एक फोल्डर केला होता. रात्री साडेदहा वाजता तो चाचणीचा फोल्डर पुसून टाकावा म्हणून आम्ही मधल्या पडद्याकडे पाहत शिफ्ट आणि डिलीट दाबले आणि एंटर दाबले. काही झाले नाही. म्हणून पुन्हा दाबले. मधल्या पडद्यावर फोल्डर जागच्या जागी होता. मग डावीकडे नजर गेली. बाण तेथे होता. पाच मिनिटांपूर्वी काही बघण्यासाठी तिकडे गेलो होतो आणि परतलो नव्हतो. डोळे परतले होते, माउस परतला नव्हता.

शिफ्टसह पुसलेले कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही. चौसष्ट पाने गेली. वह्या होत्या, पहिल्या मुद्रितांची प्रत होती. पण बाईंनी दोन महिने खपून तिसऱ्या मुद्रितांत केलेल्या दुरुस्त्या गेल्या. त्यांत कितीतरी गोष्टी वह्यांतही नव्हत्या, लोकांना पुन्हा भेटून त्यांनी त्या मिळवल्या होत्या. त्यांपैकी दोघे म्हातारे मध्यंतरी वारले होते. रात्रभर झोप आली नाही. सकाळी आमच्या मुद्रितशोधकांनी सांगितले की बाईंच्या हातची तांबड्या शाईची ती मुद्रिते त्यांनी रद्दीत जाऊ दिली नव्हती. कपाटावर बांधून ठेवली होती. शेवटची नऊ पाने मात्र गठ्ठ्यात नव्हती. ती नऊ पाने पुस्तकात आज आहेत ती बाईंच्या आठवणीतून.

आम्ही बाईंच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, असे म्हणणे खोटे होईल. चहा झाल्यावर मात्र त्यांनी विचारले, "अरे, पण आपला हात कोणत्या यंत्रावर आहे, हे कळायला तुमच्यात काही खूणच नसते का?"

हा प्रश्न अगदी नेमका होता. तीन कीबोर्ड होते तेव्हा गैरसोय होती, पण खूण होती : हात जेथे, काम तेथे. कीबोर्ड एक झाला आणि ती खूण नाहीशी झाली. आता खूण फक्त त्या बोराएवढ्या बाणाची, आणि लिहिताना बाणाकडे कोण पाहतो?

त्यानंतर आम्ही खुणा शोधल्या. बऱ्याच सोयी या प्रोग्रामांत आधीच होत्या. आम्ही त्या वाचल्या नव्हत्या, हे कबूल केले पाहिजे. स्क्रोल लॉक दाबला की सिनर्जीत बाण आहे त्या पडद्यावर कोंडता येतो. पुसण्याचे, पाठवण्याचे काम करण्यापूर्वी तसा कोंडावा. कडेला बाण टेकताच उडी मारण्याऐवजी क्षणभर थांबून मगच जाईल, किंवा कडेला दोनदा टेकला तरच जाईल, असे ठरवता येते. पडद्यांचे कोपरे बंद करता येतात, कारण खिडकी मिटण्याची फुली कोपऱ्यातच असते आणि तिच्यावर नेम धरताना बाण शेजारी सटकतो. आणि आमची स्वतःची युक्ती : तिन्ही पडद्यांच्या पार्श्वभूमी वेगळ्या रंगांच्या केल्या, आणि म्हाताऱ्याच्या पडद्याच्या चौकटीवर तांबडा कागद चिकटवला. युक्ती गावठी आहे, पण त्या दिवसापासून तिकडे चुकीची कळ गेलेली नाही. शिवाय रोज संध्याकाळी म्हाताऱ्यावरचे सगळे काम दुसरीकडे उतरवून घेतले जाते. ते आधी व्हावयास हवे होते, हे आपण म्हणण्यापूर्वीच आम्ही म्हणतो.

एका धोक्याविषयी बोलले पाहिजे. कळांचे निरोप जाळ्यातून जातात, आणि त्यांत आपले परवलीचे शब्दही असतात. सुरुवातीच्या सिनर्जीत हे निरोप उघड्या पत्रासारखे जात. जाळ्यात बसलेल्या कोणालाही ते वाचता येत. तिच्या माहितीपत्रकातच निरोप सुरक्षित मार्गाने बांधून पाठवण्याचा सल्ला होता. पुढे पाकीटबंद व्यवस्था तिच्यातच आली. ती चालू आहे की नाही हे घरी जाऊन पाहावे. आमचा म्हातारा तर बाहेरच्या इंटरनेटला मुळीच जोडलेला नाही, त्याची तार मधल्या संगणकापाशी संपते.

याहून खोल प्रश्न असा की दुसऱ्याच्या कळा ऐकणारा आणि स्वतः कळा दाबल्याचे भासवणारा प्रोग्राम, आणि चोर, यांत फरक काय? तांत्रिकदृष्ट्या काही नाही; दोघे एकच काम करतात. जुन्या एक्स पद्धतीत एका पडद्यावरचा कोणताही प्रोग्राम दुसऱ्याला दिलेल्या सगळ्या कळा ऐकू शकत असे. लिनक्सच्या जगात तिची जागा घेण्यासाठी वेलँड ही नवी पद्धत आली. तिने हे दार बंद केले. उत्तम केले. पण त्याच दाराने आमच्यासारख्यांचा सरळमार्गी प्रोग्रामही ये-जा करीत होता. तोही बाहेर राहिला. काही वर्षे लोक तक्रार करीत होते. २०२३ च्या सुमारास मालकाला विचारून उघडणारे वेगळे दार बसवले गेले. गैरसोयीची ती वर्षे आम्ही सोसली, तरी दार बंद करणाराचेच बरोबर होते असे आमचे मत आहे.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे सगळे संगणक विंडोजचे आहेत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने लिहिलेला 'माउस विदाउट बॉर्डर्स' २०११ पासून फुकट मिळतो, चार संगणकांपर्यंत चालतो, आणि २०२३ पासून तो 'पॉवरटॉइज'मध्ये आहे. ज्यांच्याकडे सगळे ॲपलचे आहे त्यांना मार्च २०२२ पासून 'युनिव्हर्सल कंट्रोल' आयतेच मिळाले. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी तीन यंत्रे लक्षात ठेवणारा बिनतारी कीबोर्ड घ्यावा; एक, दोन, तीन अशा कळा असतात, दाबली कळ की बदलले यंत्र. त्यात बाण काचेतून जाण्याचा चमत्कार नाही, पण बाईंनी विचारलेली खूण आहे : आपण स्वतः दोन नंबर दाबलेला असतो.

आता शेवटचे. अशा व्याख्यानानंतर नेहमी कोणीतरी विचारते, "पूर्वी तीन यंत्रांवर तीन माणसे बसत असतील ना? ती कोठे गेली?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे तिघे बसत. एकजण पुण्याला गेला, एकीने लग्नानंतर काम सोडले, आणि आम्ही त्यांच्या जागा भरल्या नाहीत. कीबोर्ड एक झाला नसता तर निदान एक जागा भरावी लागली असती. तीन यंत्रांचे काम एका माणसाच्या गळ्यात पडले आणि मजुरी तिप्पट झाली नाही, हे आम्ही मालक म्हणून येथे उभे राहून सांगतो. त्याला चमत्काराचे नाव देऊन झाकणे बरे नव्हे. पगार वाढवला तो दोन वर्षांनी, आणि तोही त्यांनी तोंडाने मागितल्यावर.

उरलेले तिसरे म्हणजे आमचे मुद्रितशोधक, ज्यांनी ती मुद्रिते कपाटावर ठेवली होती तेच. अडीच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, पाय बराचसा आला, उजवा हात आला नाही. सहा महिन्यांनी ते दुकानात आले आणि खुर्चीत बसले. डाव्या हाताने तीन कीबोर्डांवर पोचणे शक्यच नव्हते. सुताराकडून आम्ही उतरती फळी करून घेतली, तिच्यावर लहान कीबोर्ड बसवला, आणि माउसऐवजी बोटाने फिरवावयाचा गोळा असलेला ट्रॅकबॉल डाव्या बाजूला लावला. ही सगळी मांडणी एकदाच करावी लागली. फळी जागची हलत नाही, हात जागचा हलत नाही, आणि बाण मात्र तिन्ही पडद्यांवर हिंडतो. सुरुवातीला ते दिवसाला चार पाने तपासत. आता वीस तपासतात. शिफ्ट दाबून क्ष लिहावयाचा तर डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची त्यांची एक खास पकड आहे, ती पाहण्यासारखी आहे.

बाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती सध्या त्यांच्याच हाताखाली आहे. त्या नऊ पानांपैकी दोन पानांचा मजकूर एका घरी सापडलेल्या पत्रांवरून पडताळून दुरुस्त करावयाचा आहे. ज्यांना हे टेबल पाहावयाचे असेल त्यांनी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दहा ते बारा या वेळात यावे. चपला बाहेर काढाव्यात, आणि बाण कोणत्या पडद्यावर आहे हे विचारल्याशिवाय एंटर दाबू नये.